पावाचा इतिहास आणि शिळ्या पावाचे पुडिंग

वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्यासपीठांवरून वेदान्तापासून विमानविद्येपर्यंत बहुतेक सर्व विषय बोलून झाले आहेत. अशा ठिकाणी शिळ्या पावाचे पुडिंग घरच्या घरी कसे करावे हा विषय घेऊन उभे राहणे काहींना थट्टेचे वाटेल. आमचा धंदा कामगार संघटनेचा, शिक्षण म्हणाल तर वाचनालयातले आणि रात्रपाळीच्या फाटकावरचे. तेव्हा पाकशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु जो पाव आज कर्नाळ्याच्या पायथ्याच्या टपरीपासून मुंबईच्या बोरीबंदरापर्यंत गरिबाचे पहिले अन्न झाला आहे, तो आपल्याकडे आला कसा, त्याच्यावरून आपल्या समाजात किती भांडणे झाली आणि तो रात्री जागून भाजतो कोण, हे पाहिल्याखेरीज त्याचे पुडिंग पचणार नाही, असे आमचे मत आहे. म्हणून आधी इतिहास आणि मग कृती, या क्रमाने आम्ही जाऊ.

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. लोक तेथे आज पक्षी पाहावयास जातात. १९६८ साली तेथे अभयारण्य झाले. पण हा डोंगर पूर्वी व्यापारी वाटेवरचा पहारेकरी होता. बोरघाटाने देशावर जाणारा माल आणि पनवेलच्या खाडीत उतरणारा माल या दोहोंवर त्याची नजर असे. सोळाव्या शतकात, १५४० च्या सुमारास, अहमदनगरच्या निजामशाहाने हा किल्ला गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यातून घेतला, तेव्हा गुजरातकरांनी वसईच्या पोर्तुगीज कप्तानाकडे मदत मागितली आणि पोर्तुगीज शिपायांनी कर्नाळा जिंकला. पुढे निजामशाहाकडून वार्षिक खंडणी ठरवून घेऊन त्यांनी तो सोडून दिला. १६७० साली शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणला. १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला. येथून जवळच्या शिरढोणला १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते.

आम्हांला येथे प्रयोजन आहे ते पोर्तुगीजांचे. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचे राज्य राहिले. त्यांच्या राज्याच्या खुणा आपण किल्ल्यांत शोधतो, पण सर्वांत टिकाऊ खूण आपल्या जिभेवर आहे. बटाटा, पगार, चावी, साबू आणि पाव हे शब्द त्यांच्याकडून आले. एका लादीचे चार भाग, म्हणजे पाव भाग, म्हणून पाव. किंवा पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, अशा व्युत्पत्त्या मोठमोठी माणसे आजही सांगतात. त्या कानाला गोड असल्या तरी खऱ्या नाहीत. पोर्तुगीज भाषेत भाकरीला जो शब्द आहे त्याचा उच्चार नाकातून येणाऱ्या 'पांव'सारखा आहे, आणि तो लॅटिनमधल्या 'पानिस' या शब्दापासून निघाला आहे.

शब्द आला तशी विद्याही आली. गव्हाचे पीठ भिजवून लगेच पोळी लाटणे आपल्याला ठाऊक होते. ते आंबवून, फुगवून, बंद भट्टीत भाजणे ही नवी गोष्ट होती. आंबवण्यास यीस्ट कोठले? तर गोव्याच्या पोदेरांनी माडाची सूर वापरली. सुरेत नैसर्गिक यीस्ट असते. पिठातली साखर खाऊन ते वायू सोडते आणि त्या वायूने पीठ फुगते. ज्या माडाने कोकणी माणसाला नारळ, झावळी आणि सुंभ दिला, त्यानेच परक्यांच्या भाकरीला श्वास दिला. तेव्हा पाव परका म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की आपल्या मातीतला पहिला पाव आपल्याच माडाने फुगवला.

आता भांडणांकडे येऊ. वसईपासून गोव्यापर्यंत एक कथा सांगितली जाते की पोर्तुगीज पाद्री रात्री गावच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकीत, सकाळी गाव ते पाणी पिई, मग पाद्री सांगे की तुम्ही बाटलात, आणि सारा गाव ख्रिस्ती होई. ही कथा आहे, इतिहास नव्हे. धर्मांतराच्या मागे सत्तेची जबरदस्ती होती, लाभाचे आमिष होते आणि कोठे खरी श्रद्धाही होती. पण कथा खोटी असली तरी ती जे गृहीत धरते ते खरे आहे. तुकड्यात काही मंत्र नव्हता. पाणी प्यायलेल्या भावाला दुसऱ्या भावाने घरात घेतले नाही, म्हणून तुकड्याला सामर्थ्य आले. म्हणजे बाटवण्याचे काम पाद्र्याने अर्धे केले असेल तर उरलेले अर्धे आपल्या पंगतीने केले. ही कथा सांगताना लोक पाद्र्याला शिव्या देतात आणि पंगतीविषयी गप्प राहतात, हे आम्हांला नेहमी खटकत आले आहे.

त्या पंगतीविरुद्ध पहिले संघटित बंड एकोणिसाव्या शतकात मुंबईत झाले आणि त्याचे हत्यार पाव हेच होते. १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडणे हे तिचे ध्येय होते. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने केलेला पाव सर्वांसमक्ष खावा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे, अशी तिची दीक्षा होती. आज हे वाचून हसू येते. परंतु त्या काळी त्या एका घासाची किंमत घर, बायकामुले, लग्नसंबंध, वडिलार्जित मिळकत, इतकी होती. म्हणून ही सभा गुप्त राहिली. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. तिच्यातल्या काहींनी पुढे १८६७ साली प्रार्थना समाज उभारला. पण प्रार्थनेत पाव नव्हता. आम्ही संघटना बांधणारी माणसे आहोत. सभासदांची यादी मालकाच्या हाती पडली म्हणजे काय होते हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यामुळे परमहंस सभेला भित्री म्हणून हिणवणाऱ्यांत आम्ही सामील होत नाही. तिचा कच्चेपणा दुसरा होता. जो खाण्याचे धैर्य दाखवीत होता तो शिकलेला वरच्या जातीचा तरुण होता. ज्याच्या हातचे खाणे हा पराक्रम ठरत होता, त्याच्याशी बसून कोणी बोलले नाही.

पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींना व्याख्यानास बोलावून चहा-बिस्किटे पुढे ठेवण्यात आली. मंडळींत रानडे होते, टिळकही होते. नावे वर्तमानपत्रात आली आणि प्रकरण शंकराचार्यांच्या नेमलेल्या मंडळापर्यंत जाऊन प्रायश्चित्ताचा घोळ पुढे दोन वर्षे चालला. ज्यांनी व्याख्यानमाला सुरू केली त्यांनाही एका पेल्यापायी जाब द्यावा लागला. आणि कर्नाळ्याचा हाच रस्ता दक्षिणेकडे धरला की महाड लागते. तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि मागाहून गावाने ते तळे शेणगोमूत्राने 'शुद्ध' केले. विहिरीतल्या पावापासून तळ्यातल्या ओंजळीपर्यंत वाद एकच आहे. फरक इतकाच की महाडला ज्याच्या स्पर्शाचा प्रश्न होता तो स्वतः उभा राहिला.

मग हा पाव सर्वांच्या ताटात आला तो कोणाच्या उपदेशाने? आमच्या मते उपदेशाने नव्हे, भोंग्याने. मुंबईत गिरण्या निघाल्या, रत्नागिरी-सातारा-कुलाब्याचा माणूस एकटा शहरात आला. दहा-बाय-दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांना चूल कोठली? खाणावळीची वेळ आणि पाळीची वेळ जमली नाही की पाव आणि चहा हाच आधार. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाशी बसून पैसे टाकणाऱ्याला बहुधा कोणी जात विचारीत नसे. जातीची पंगत सुधारकांना मोडता आली नाही ती पाळीने सैल केली. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळू लागली. म्हणजे ज्या वर्षी पुण्यात चहाच्या पेल्यावर वाद पेटला, त्याच वर्षी मुंबईत विश्रांतीचा दिवस जिंकला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत पेल्याला पाने मिळतात, सुटीला ओळ.

दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली मुंबईत शिधावाटप आले आणि भात खाणाऱ्या कोकणी माणसाच्या पिशवीत गहू पडू लागला. १९५६ च्या करारान्वये अमेरिकेतून गहू येऊ लागला, आणि दुष्काळाच्या १९६६ साली तर देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले. भातपिकाच्या पनवेल तालुक्यात घरोघर पाव शिरला तो या काळात. त्याच सुमारास, १९६५ साली, सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. ऑस्ट्रेलियाने यंत्रांची मदत केली. कापलेला, कागदात गुंडाळलेला पाव स्वस्तात पोहोचवणे हे सरकारचे काम आहे, अशी त्या काळची समजूत होती. जानेवारी २००० मध्ये त्या कंपनीचे ७४ टक्के भाग हिंदुस्थान लिव्हरला शंभर कोटींहून थोड्या अधिक किमतीस विकले गेले. सरकारी उद्योगांच्या धोरणात्मक विक्रीचा आरंभ पोलादाने झाला नाही, तेलाने झाला नाही, पावाने झाला. आणि १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर वड्याला पाव चिकटला, हे सांगावयास नकोच. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार बाहेर पडले, गिरण्या पुन्हा तशा उभ्या राहिल्या नाहीत; पुष्कळांच्या घरची चूल त्यानंतर वडापावाच्या गाडीवर चालली.

आता हा पाव करतो कोण ते पाहू. लंडनच्या पाव भाजणाऱ्या कारागिरांच्या तक्रारींवर १८६२ साली ट्रेमेनहीर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने अहवाल दिला. रात्री अकराला काम सुरू, पीठ मळून फळ्यावरच दोन तास झोप, पुन्हा उठून भट्टी, आणि पिठात तुरटीची भेसळ, असे चित्र त्यात आले. लोकांना कारागिराच्या झोपेचे दुःख झाले नाही, तुरटीचे झाले. मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या कामाच्या दिवसावरील प्रकरणात हाच अहवाल वापरला. १९२५ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने तर रात्री पाव करण्यावरच बंदी घालणारा ठराव केला. आपल्याकडे आजही रात्रीच पीठ मळले जाते. आम्ही ज्या बेकऱ्या पाहिल्या त्यांतले कामगार बहुतेक उत्तरेकडून आलेले, भट्टीच्याच माळ्यावर झोपणारे. रात्री मैद्याची पोती फोडायची, पीठ मळून फुगत ठेवायचे, पहाटे लांब दांड्याच्या फळ्याने लादी भट्टीत सारायची, पाचाला सायकलवाला दारात. १९४८ च्या कारखाना कायद्याला वीज वापरणाऱ्या जागी दहा आणि न वापरणाऱ्या जागी वीस कामगार लागत. म्हणून हजेरीवर नऊच नावे ठेवण्याची कला वाढली. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या संहितेत हे आकडे वीस आणि चाळीस झाले, म्हणजे त्या कलेचीही गरज उरली नाही.

२०१६ साली पावात पोटॅशियम ब्रोमेट सापडल्याचा गवगवा झाला आणि त्याच वर्षी त्यावर बंदी आली, चांगले झाले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. धुराविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. तो धूर पहिल्यांदा भट्टीपुढच्या माणसाच्याच छातीत जातो. पण त्या वेळी चर्चा झाली ती शेजाऱ्याच्या खिडकीची, मालकाच्या खर्चाची आणि ब्रून पावाच्या चवीची. भट्टी बदलताना किंवा बंद पडताना माळ्यावर झोपणारा कोठे जाईल, हा प्रश्न लंडनच्या तुरटीप्रमाणेच मागे राहिला.

इतक्या हातांतून आलेला पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो आणि आपण तो फेकतो. येथे पुडिंगचे प्रयोजन येते. शिळ्या पावाला दूध, अंडे आणि साखर घालून भाजणे ही युरोपातल्या काटकसरी घरांची रीत; हॅना ग्लास या इंग्रज बाईच्या १७४७ च्या पाकपुस्तकात ती आहे. आपल्याकडे अवधचा शाही तुकडा आणि हैदराबादचा डबल का मीठा ही त्याच जातीची पक्वान्ने, पण त्यांना तूप सढळ हाताने लागते. पुडिंगला लागत नाही, म्हणून ते कामगाराच्या घराला परवडते.

पाव शिळा होतो म्हणजे केवळ वाळतो, अशी समजूत आहे. बूसिंगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले की हवाबंद ठेवलेला, पाण्याचा थेंबही न गमावलेला पाव सुद्धा शिळा होतो, आणि पुन्हा गरम केला की मऊ पडतो. भाजताना पिठातले स्टार्च फुगून सैल होते, थंड होताना ते पुन्हा घट्ट रचले जाते, हे त्याचे कारण. असा घट्ट झालेला पाव दूध पुष्कळ पितो आणि तरी विरघळत नाही. ताजा पाव दुधात लगेच लगदा होतो. म्हणून या पदार्थाला शिळेपणा हाच गुण आहे. बुरशी आलेला पाव मात्र सरळ टाकून द्यावा. बुरशीची मुळे दिसतात त्याहून खोल गेलेली असतात.

कृती येणेप्रमाणे. शिळे लादीपाव पाच-सहा, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, अंडी तीन, साखर ७५ ग्रॅम, म्हणजे मोठे पाच चमचे, चिमूटभर मीठ, जायफळ किंवा वेलदोडा, मूठभर बेदाणे, भांड्याला लावण्यास थोडे लोणी. पावाचे बोटभर तुकडे करून लोणी लावलेल्या जर्मनच्या पातेल्यात पसरावे, बेदाणे मध्ये पेरावे, नुसते वर राहिले तर करपतात. दूध कोमट करून त्यात साखर व मीठ विरघळवावे. अंडी फेस न करता फोडून ढवळावी, त्यांत दूध थोडेथोडे घालावे; कढत दूध घातले तर अंडे तेथल्या तेथे शिजून गुठळ्या होतात. जायफळ किसून घालावे, हे सारे पावावर ओतावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. हा अर्धा तास कोणी वाचवू नये. मध्यभागी कोरडा राहिलेला तुकडा खाताना कळतो.

ओव्हन नसला तरी अडत नाही. पेण-उरणकडच्या मिठागरांचे जाडे मीठ आपल्या भागात सहज मिळते. जाड बुडाच्या कढईत ते किलोभर पसरावे, त्यावर लोखंडी कडे ठेवावे, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग पातेले कड्यावर ठेवून झाकावे आणि मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे राहू द्यावे. कुकर वापरणाऱ्याने शिटी आणि रबरी कडी काढून ठेवावी. अंड्यातले द्रव्य दुधासाखरेत ऐंशी अंशांच्या सुमारास बसते. आच मोठी केली की ते आक्रसून पाणी सोडते आणि पुडिंग जाळीदार होते. मध्ये सुरी खुपसावी. ती स्वच्छ निघाली की झाले. उतरवून पंधरा मिनिटे निवू द्यावे आणि मग कापावे. कढईतले मीठ पुन्हा याच कामाला ठेवून द्यावे.

अंडे न खाणाऱ्यांनी दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर थंड दुधात कालवून उरलेल्या गरम साखर घातलेल्या दुधात ढवळत दाट शिजवावी आणि ते ओतावे. ही पावडर १८३७ साली बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड याने आपल्या बायकोला अंडे सोसत नसे म्हणून शोधली. कोणाला अंडे सोसत नाही, कोणाला चालत नाही. दोघांचीही सोय एकाच डब्यात झाली आणि कोणी कोणाला बाटवले नाही.

आमची एक सूचना आहे. आपल्याकडे वस्तीवस्तीत उत्सव होतात, महाप्रसाद होतो. एखाद्या वर्षी जवळच्या बेकरीतला शिळा पाव घेऊन असे पुडिंग करावे आणि तो पाव ज्यांनी भाजला त्या भट्टीवरच्या माणसांना पहिल्या पंगतीत बसवावे. परमहंस सभेने ख्रिस्ती माणसाचा पाव खाल्ला, पण त्याला शेजारी बसवले नाही. ते राहिलेले काम आपल्याला करता येण्यासारखे आहे. आणि ते जेवत असताना त्यांना तीन गोष्टी विचाराव्या: रात्री किती तास उभे असता, हजेरीपुस्तकात नाव आहे काय, आणि भट्टी बदलल्यावर मालकाने काय सांगितले आहे. उत्तरे लिहून घ्यावी आणि ती नावे कोणाच्या हाती पडू देऊ नयेत. पुढे काय करावयाचे ते आम्ही व्याख्यान संपल्यावर, ज्यांना हवे असेल त्यांना, बाहेर बसून सांगू.